सही कशावर? विषयावर की प्रश्नांवर?

देऊळगाव राजात बोलायचं म्हणून विषयही आपल्याच भागातला घेतलाय. कॉलेजची मुलं प्रकल्पासाठी सर्वेक्षण करतात, त्याला मंजुरी कशी मिळते, हा तो विषय.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प, संशोधन प्रकल्प आले. मुलं वर्गाबाहेर पडू लागली, हे चांगलंच झालं. पण मंजुरी म्हणजे बहुतेक ठिकाणी काय असतं? कागदावर विषय आणि खाली मार्गदर्शकाची सही. प्रश्नावली नंतर तयार होते, पुष्कळदा जुन्या प्रकल्पावरून उतरवलेली. ती नीट वाचतं कोण?

एक नेहमीचा विषय घेऊ: 'शेतकरी आत्महत्या, कारणे व उपाय'. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात आपला बुलढाणा होता. तेव्हा विषयाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती प्रश्नांना. कर्ज किती होतं? बँकेचं की सावकाराचं? जमीन कुणाच्या नावावर? व्यसन होतं का, होय की नाही?

मुलाला हे प्रश्न साधे वाटतात. पण ज्या बाईचा नवरा गेला, तिने ते आधीच ऐकलेले असतात, कधी पोलिसांकडून, कधी तलाठ्याकडून. एक लाखाच्या सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र, हे जमीन आणि थकीत कर्ज यांच्यावरून ठरत आलंय. त्यामुळे दारात कागद घेतलेला पोरगा दिसला, की तिला फेरचौकशीच आल्यासारखं वाटतं. ती चहा टाकते, सातबारा काढून आणते. आणि पूर्वी जे सांगितलं तेच सांगते, किंवा ज्याने मदत मिळेल असं वाटतं ते.

म्हणजे नुकसान दुहेरी झालं. बाईला खोटी आशा लागली आणि संशोधनाला खोटी माहिती मिळाली. त्यावर रंगीत आलेख काढला, म्हणून ती खरी होत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा प्रकल्पाला नीतिसमिती कुठून आणायची? वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, समित्या आहेत. ते सगळं जसंच्या तसं इथं आणलं, तर मंजुरी येईपर्यंत सत्र संपेल. मान्य. पण अर्धा तास तर काढता येईल? मार्गदर्शक, दुसऱ्या विभागाचे एक शिक्षक आणि गाव ओळखणारं बाहेरचं एक माणूस, समजा आशाताई, यांनी बसून प्रश्न मोठ्यानं वाचावेत. प्रत्येक प्रश्नाला विचारावं, याचं उत्तर दुसरीकडे मिळतं का? मिळत असेल तर त्या घरी कशाला जायचं? पीककर्ज कुणाला मिळतं, कुणाचं अडतं, हे सोसायटीच्या सचिवाला विचारा. माझ्या मते तो प्रकल्प जास्त चांगला होईल.

आणि कुणाच्याही दारात पहिलं वाक्य हे असावं: "मी कॉलेजचा विद्यार्थी आहे, सरकारी माणूस नाही. तुमच्या उत्तरानं कसली मदत मिळणार नाही, थांबणारही नाही. नको वाटलं तर सांगू नका." यावर ती 'नको' म्हणाली, तर तेवढंच लिहून परत यायचं. त्याचे गुण कापायचे नाहीत.

प्राध्यापक मंडळींना एवढीच विनंती. उद्या कुणी सहीला आलं, तर नुसता विषय बघून पेन उघडू नका. आधी म्हणा, "प्रश्न वाचून दाखव."