ध्यान, होरपळ आणि उत्तरदायित्व

कर्करोगाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या मनास कालांतराने जो एक थकवा येतो, त्यावर ध्यान हा उपाय सुचविणारे वाङ्मय गेल्या काही दशकांत अमेरिकेत विपुल झाले आहे. त्या थकव्यास तिकडे 'बर्नआउट' म्हणतात. आम्ही त्यासाठी 'होरपळ' हा शब्द योजतो. त्या ध्यानाचे नाव 'माइंडफुलनेस'. त्यास सजगता म्हणू. या विचाराच्या मुळाशी असलेला जॉन कबाट-झिन यांचा 'फुल कॅटॅस्ट्रॉफी लिव्हिंग' (१९९०) आणि त्याच विचाराच्या बाजारावर कठोर प्रहार करणारा रोनाल्ड पर्सर यांचा 'मॅकमाइंडफुलनेस' (२०१९), हे दोन ग्रंथ आम्ही शेजारी ठेवून वाचले. वादी व प्रतिवादी या दोघांचेही ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये, हा आमच्या व्यवसायातील पहिला पाठ ग्रंथपरीक्षणासही लागू पडतो.

आधी दुखणे समजून घेऊ. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये 'बर्नआउट' या विषयावर निबंध लिहिला. मोफत दवाखान्यांत तळमळीने राबणारी माणसे काही काळाने आतून कशी रिती होतात, हे त्याने पाहिले होते. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक व सुझन जॅक्सन यांनी या अवस्थेचे मोजमाप ठरविले आणि तिची तीन अंगे सांगितली: भावनांचा क्षय, रुग्णाकडे माणूस म्हणून न पाहता वस्तू म्हणून पाहण्याची वृत्ती, आणि आपल्या हातून काहीच घडत नाही ही भावना. यांतील दुसरे अंग आम्हांस सर्वांत भयंकर वाटते. कारण त्याची शिक्षा रुग्ण भोगतो. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांची एक पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ४५ टक्के तज्ज्ञांत होरपळीची लक्षणे आढळली. आणि कामाशी निगडित गोष्टींपैकी, आठवड्याचे किती तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत जातात, हीच गोष्ट होरपळीशी सर्वाधिक जोडलेली दिसली. हा तासांचा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा.

कबाट-झिन हे मूळचे रेणुजीवशास्त्राचे अभ्यासक. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथे, विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, त्यांनी १९७९ मध्ये सजगतेचे वर्ग सुरू केले. त्यांतून आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम आकारास आला. श्वासाकडे लक्ष देऊन बसणे, देहाच्या एकेका अवयवावरून क्रमाने लक्ष फिरविणे आणि सौम्य योगासने, ही त्याची मुख्य सामग्री. ज्यांच्या जुनाट वेदनांपुढे वैद्यकाने हात टेकले होते, असे रुग्ण तेथे येत. ग्रंथ अधिक आटोपशीर असता तर बरे झाले असते. पण लेखकाचा प्रामाणिकपणा जागोजाग जाणवतो. वेदना नाहीशी होईल असे आश्वासन ते देत नाहीत. वेदनेशी असलेले आपले नाते पालटता येईल, एवढेच सांगतात. रुग्णापुरते हे म्हणणे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे.

परंतु तोच वर्ग रुग्णाकडून कर्मचाऱ्याकडे आला, की त्याचे स्वरूप बदलते. रुग्ण स्वेच्छेने येतो आणि त्याचे दुखणे रुग्णालयाने निर्माण केलेले नसते. परिचारिकेला त्याच वर्गात धाडले जाते, तेव्हा तिला धाडणारी संस्था आणि तिच्या थकव्यास अंशतः कारण झालेली संस्था एकच असते. शिवाय मूळ अभ्यासक्रमात घरी जवळजवळ रोज पाऊण तास साधना अपेक्षित होती. बारा तासांची पाळी संपवून घरी परतलेल्या स्त्रीने तो पाऊण तास कोठून आणावा, आणि तो कोणाच्या खाती मांडावा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात होरपळीची व्याख्या दिली. तिला रोग न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले. आणि कामाच्या ठिकाणचा जो दीर्घकालीन ताण नीट हाताळला गेला नाही त्याचा हा परिणाम, असे सांगितले. वकिलाची दृष्टी 'हाताळला गेला नाही' या कर्मणी प्रयोगाशी थबकते. कोणाकडून हाताळला गेला नाही? कर्ता गाळलेला आहे. आणि कर्ता गाळला, की दोष बहुधा दुबळ्या पक्षाच्या पदरी पडतो.

येथे एका जुन्या खटल्याचे स्मरण होते. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे १८९१ मध्ये 'स्मिथ विरुद्ध बेकर' हा दावा आला. रेल्वेच्या कामावर एक मजूर खडकास छिद्रे पाडीत असे आणि त्याच्या डोक्यावरून यारीने दगड नेले जात. एके दिवशी दगड पडून तो जखमी झाला. धोका त्यास ठाऊक होता, तरीही तो कामावर राहिला, म्हणून त्याची त्यास संमतीच होती, असा मालकाचा बचाव. न्यायाधीशांनी बहुमताने तो फेटाळला: धोका ठाऊक असणे म्हणजे तो पत्करणे नव्हे. त्या मजुरास कोणी चित्तशांती शिकविली असती तर तो कदाचित कमी घाबरला असता. दगड मात्र पडावयाचा राहिला नसता.

पर्सर नेमके येथेच बोट ठेवतात. ते व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ओळखले जातात आणि स्वतः बौद्ध साधकही आहेत. म्हणून त्यांची टीका बाहेरच्या निंदकाची नव्हे. ताणाचे मूळ ज्याच्या त्याच्या मनात आहे असे ठसवून या व्यापाराने मालकवर्गास मोकळे सोडले, हा त्यांचा आरोप बव्हंशी सिद्ध होतो. पण सूर इतका चढा आहे, की एक आवश्यक भेद त्यांच्या हातून निसटतो.

आपल्यापैकी ज्यांनी एखाद्या आप्तासाठी परळच्या टाटा रुग्णालयात दिवस काढले असतील, त्यांस तो भेद सांगावयास नको. कर्करोगाच्या वॉर्डात सेवा करणाऱ्यांचे दुःख दोन प्रकारचे असते. तरुण आईस अशुभ वार्ता सांगणे, ज्या मुलाच्या हातास महिनोन्महिने सुई टोचली त्याचे डोळे मिटलेले पाहणे, हे एक. उद्या व्यवस्था कितीही न्यायी झाली तरी ते टळणार नाही. रिकामी राहिलेली पदे, लांबत जाणाऱ्या पाळ्या, कागदांचे ढीग आणि एक खाट रिकामी होताच शोकास उसंत न देता दुसरा रुग्ण आणणे, हे दुसरे; आणि ते सर्वस्वी माणसाने निर्मिलेले आहे. पहिल्या दुःखावर ध्यान हे औषध आहे. दुसऱ्यावर ते केवळ पांघरूण आहे. पर्सर पहिल्यास विसरतात आणि कबाट-झिन यांचे नाव घेणारे व्यवस्थापक दुसऱ्यास.

संशोधनाचा पुरावाही याच दिशेने बोलतो. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे ७० डॉक्टरांनी सजगतेचा दीर्घ अभ्यासक्रम केला. त्याचा वृत्तांत २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हे डॉक्टर कर्करोगतज्ज्ञ नव्हते आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. तरी त्यांची होरपळ घटली व रुग्णांविषयीची सहानुभूती वाढली. मात्र तेथे केवळ डोळे मिटून बसणे नव्हते. सहकाऱ्यांनी एकत्र जमून आपापले अनुभव सांगणे हाही त्याचा मोठा भाग होता. पुढे २०१७ मध्ये अशा १९ अभ्यासांचा एकत्र विचार झाला, तेव्हा एकंदर लाभ अल्पच दिसला. पण जेथे संस्थेने आपली व्यवस्था बदलली तेथे तो अधिक होता.

ध्यानविद्या आपली, आणि आता तिची थोरवी पाश्चात्यांनीही मानली, म्हणून आपल्या मंडळींत कधी कधी धन्यता व्यक्त होते. त्यांस आम्ही सांखवाळचे सुपुत्र धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण देऊ इच्छितो. पालि 'सति' म्हणजे आपली 'स्मृति'; इंग्रज पंडित ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ च्या आपल्या भाषांतरात तिच्यासाठी 'माइंडफुलनेस' हा शब्द वापरला. ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पुढे कबाट-झिन यांचे वर्ग भरले, तेथेच, हार्वर्ड विद्यापीठात, कोसंबी १९१० पासून 'विसुद्धिमग्ग' या पालि ग्रंथाच्या संपादनासाठी झटले. त्या ग्रंथाचा क्रम मोठा अर्थपूर्ण आहे: आधी शील, मग समाधि, मग प्रज्ञा. अष्टांगिक मार्गातही सम्यक् स्मृति एकटी येत नाही. सम्यक् आजीव तिच्या आधी येतो. आजच्या कित्येक संस्थांस शीलावाचून समाधि हवी आहे, आणि तीही नोकरांची. हे या विद्येचे अनुसरण नव्हे.

आमचा निर्णय असा. कबाट-झिन यांचा ग्रंथ रुग्णाने व सेवकाने स्वतःसाठी वाचावा. पर्सर यांचा ग्रंथ विश्वस्तांनी व व्यवस्थापकांनी वाचावा. दोघांनी एकमेकांचे ग्रंथ अदलाबदल करून वाचले, की अनर्थ होतो. आपल्या समाजातील अनेक देवस्थाने व न्यास रुग्णालयांस उदारपणे देणग्या देतात. उद्या एखाद्या रुग्णालयाने कर्मचाऱ्यांच्या ध्यानमंदिरासाठी वर्गणी मागितली तर अवश्य द्यावी; परंतु त्याआधी विचारावे, की रात्रपाळीस एका परिचारिकेकडे किती खाटा असतात, रिकामी पदे किती, आणि ध्यानाचा तास पाळीत मोजला जातो की पाळीनंतर? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, तर त्या मंदिरातील ध्यान खरोखर फलद्रूप होईल.