स्फटिक-टोकियोतील परका पाहुणा

टॉमस मोरच्या ‘युटोपिया’त (१५१६) राफाएल हा प्रवासी त्या आदर्श बेटावर पाच वर्षे राहून परत आलेला असतो आणि ऐकणाऱ्यांना तेथील व्यवस्था समजावून सांगतो. पुढील आदर्शराज्य-वाङ्मयाने ही योजना पुष्कळदा उचलली. पाहुण्याने यावे, पाहावे, चकित व्हावे आणि निघून जावे. त्याचा स्वतःचा पूर्वेतिहास यजमान-राज्याला फारसा अडचणीत आणीत नाही. जपानी ॲनिमेच्या चाहत्यांनी लिहिलेल्या क्रॉसओव्हर कथांत पाहुणा येतो तो मात्र दुसऱ्या एका स्वयंपूर्ण कलाकृतीतून, तेथील स्वभाव, शाप, देणी आणि नातीगोती बरोबर घेऊन. ह्या एका फरकामुळे आदर्शराज्याची परीक्षा अगदी निराळ्या रीतीने होऊ लागते.

दुसऱ्याच्या कृतीतील पात्रे घेऊन तिच्या चाहत्याने केलेल्या ह्या लेखनाला, म्हणजे फॅन फिक्शनला, जपानी भाषेत ‘निजि सोसाकु’, अर्थात द्वितीय सर्जन, असे नाव आहे. क्रॉसओव्हर हा त्याचा पोटप्रकार होय. त्यात परस्परांशी संबंध नसलेल्या दोन कृती एका कथानकात आणावयाच्या असतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्रजीतून लिहिणाऱ्या चाहत्यांत असा एक जोड विशेष लोकप्रिय झाला : नाओको ताकेउची ह्यांची ‘सेलर मून’ आणि रुमिको ताकाहाशी ह्यांची ‘रान्मा १/२’. वरवर पाहता हा जोड केवळ हास्यासाठी जुळवलेला वाटतो, आणि पुष्कळ कथांत तो तेवढ्यासाठीच असतो, हेही कबूल केले पाहिजे. परंतु त्यामागे एक खरी वाङ्मयीन ओढ आहे.

‘सेलर मून’मधील उसागी ही चौदा वर्षांची, अभ्यासात मागे आणि रडण्यात पुढे असलेली मुलगी तिसाव्या शतकात स्फटिक-टोकियोची राणी होणार आहे. त्या नगरीत युद्ध नाही, रौप्यस्फटिकाच्या प्रभावामुळे माणसांना प्रदीर्घ आयुष्य लाभले आहे. ह्या चित्राची काळी बाजू चाहत्यांनी बाहेरून आणलेली नाही, ती मूळ कृतीतच आहे. दूरचित्रवाणी-मालिकेच्या दुसऱ्या पर्वात (१९९३-९४) असे सांगितले जाते की, राणीने प्रजेची ‘शुद्धी’ केली आणि जे शुद्धीस नकार देऊन निघून गेले त्यांतूनच शत्रुपक्ष निर्माण झाला. ह्या नकाराचे कारण मालिका फारसे विचारीत नाही. त्याच पर्वात उसागीचा प्रियकर मामोरू भयंकर स्वप्नांना भिऊन तिला दूर लोटतो. ती स्वप्ने भविष्यातील त्याच्याच राजरूपाने, दोघांच्या प्रेमाची कसोटी पाहण्यासाठी, धाडलेली असतात. आदर्शराज्याचा राजा स्वतःच्याच भूतकाळाला छळतो, ही गोष्ट मालिकेने प्रेमकथेच्या ओघात हलकेच ओलांडली आहे. चाहत्यांची नजर तिच्यावर खिळली, ह्यात नवल नाही.

रान्माचे जग ह्याच्या नेमके उलट आहे. थंड पाणी पडताच मुलगी आणि गरम पाणी पडताच पुन्हा मुलगा होणारा हा तरुण बापांनी ठरविलेल्या लग्नात अडकलेला आहे, आणि त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या मुली आणखीही आहेत. मूळ मांगाचा शेवट १९९६ मध्ये झाला तोही मोडलेल्या लग्नसमारंभाने. एका जगात सर्व प्रश्नांची उत्तरे हजार वर्षे आधीच ठरली आहेत. दुसऱ्यात एकही प्रश्न सुटत नाही आणि तेथील आनंद त्या न सुटण्यातच आहे. असा माणूस उसागीच्या नगरात आला की ठरलेले भविष्य डळमळू लागते. त्यासाठी त्याने बंड पुकारण्याची आवश्यकता नसते. त्या भविष्यात त्याची नोंदच नाही, एवढे पुरेसे आहे.

येथपर्यंत कल्पना सशक्त आहे. पुढे मात्र बहुसंख्य लेखक सोपी वाट धरतात. कालद्वाराची रक्षक सेलर प्लूटो ही पाताळयंत्री कारस्थानी बनते, राणी जुलमी बनते आणि रान्मा मुक्तिदाता ठरतो. अनौचित्यामुळे रसभंग होतो हा आनंदवर्धनाचा विचार येथे अगदी चपखल लागू पडतो. ज्या प्लूटोने मूळ मांगामध्ये काळ थांबविण्याचा निषिद्ध मार्ग पत्करून स्वतःचा प्राण दिला, तिला थंड काळजाची राजकारणी करताना लेखकाने आदर्शराज्याचे वैगुण्य सिद्ध केलेले नसते. त्याने फक्त पात्र बदललेले असते. ह्या संदर्भात ‘उत्तररामचरित’ आठवते. वाल्मीकीच्या कथेत सीता अखेर भूमीत जाते. भवभूतीने तो शेवट बदलला. परंतु त्याने रामाला खलपुरुष केले नाही. रामराज्यातील दुःखाचा सारा भार त्याने रामाच्याच अंतःकरणावर ठेवला. द्वितीय सर्जनाचे स्वातंत्र्य कोठवर जाते आणि कशाच्या बळावर जाते, हे तेथे दिसते.

ह्या जोडातील खरी अडचण प्लूटोत नाही, चिबिउसात आहे. उसागीची भावी मुलगी भविष्यातून आधीच येऊन पोहोचली आहे. ती जेवते, भांडते, आईचा हेवा करते. पाहुण्यामुळे भविष्य बदलले तर ही मुलगी जन्मणारच नाही. उर्सुला ले ग्विन ह्यांच्या ओमेलास नगरीच्या कथेत (१९७३) साऱ्या शहराचे सुख तळघरातील एका मुलाच्या यातनांवर उभे असते आणि ते ज्यांना सोसत नाही ते नगर सोडून जातात. येथे परिस्थिती उलटी आहे. सुख मोडावयाचे तर एका मुलीला नाहीसे करावे लागते, आणि सोडून जाण्याने प्रश्न सुटत नाही, कारण पाहुण्याचे केवळ असणेच तिच्या अस्तित्वाला धोका आहे. आदर्शराज्याला नकार देणाराचे हातही येथे स्वच्छ राहत नाहीत. जी थोडी अनुकथा ही अवघड जागा ओळखते तिच्यात विनोदाचा सूर आपोआप उतरतो आणि रान्मासारखा बढाईखोर मुलगा प्रथमच गप्प बसलेला दिसतो.

ह्याला जोडून आणखी एक मोह आहे आणि त्याकडे अनुकथाकारांचे लक्ष क्वचितच जाते. रान्माला शापमुक्ती मनापासून हवी आहे. मांगाच्या अखेरच्या प्रकरणात, लग्नाच्या त्याच गोंधळात, शाप उतरविणारे पाणी त्याच्या हाती येता येता निसटते. स्फटिक-टोकियोची शुद्धी त्याला ते देऊ शकेल अशी कल्पना करण्यास मूळ कृतींत कोणतीही आडकाठी नाही. इतरांना जुलूम वाटणारी शुद्धी त्याला वरदान वाटण्याचा संभव आहे. मग नकार देऊन निघून गेलेल्यांच्या बाजूने उभे राहताना त्याला स्वतःची दोन्ही रूपे बरोबर न्यावी लागतील, आणि शुद्धी स्वीकारावयाची तर त्या मुलीचे, म्हणजे स्वतःच्याच अर्ध्या भागाचे, काय होते, हे राणीला विचारावे लागेल.