आर्ताचा शब्द आणि नकाशावरचा ठिपका

आजही शब्दप्रमाणावरच बोलायचं आहे, पण उदाहरण हैतीचं घेऊ. 12 जानेवारी 2010 रोजी तिथं 7.0 तीव्रतेचा भूकंप झाला, राजधानी पोर्तोप्रँस ढासळली. सर्वांना फुकट वापरता येईल असा या शहराचा तपशीलवार नकाशा तोवर नव्हता. ओपनस्ट्रीटमॅपच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रं पाहून घरबसल्या गल्ल्या रेखाटल्या आणि थोड्याच दिवसांत मदतपथकं तोच नकाशा वापरू लागली. या कामात आम्ही खोट काढत नाही.

आमचा आक्षेप पुढच्या भागावर आहे. 4636 या क्रमांकावर लोक मोबाइलवरून फुकट संदेश पाठवत. ते बहुतेक क्रेओल भाषेत येत. परदेशी राहणारे हैतीचे लोक त्यांचं इंग्रजी करीत, जागा ओळखून देत. (उपग्रहाला छपरं दिसतात, गल्लीला लोक काय म्हणतात ते दिसत नाही.) मग तो संदेश उशाहिदीच्या नकाशावर ठिपका होई. उशाहिदी हा स्वाहिली शब्द, अर्थ साक्ष. केनियात 2007च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचाराची साक्ष नोंदवायला ही प्रणाली निघाली. तिथं ते नाव शोभतं. हैतीत मात्र माणसं साक्ष देण्यापेक्षा मागत जास्त होती: पाणी, अन्न, निवारा.

घोटाळा होतो तो इथं. नैयायिक म्हणतात, आप्ताचा शब्द प्रमाण. आप्त म्हणजे वस्तुस्थिती जाणणारा आणि ती जशीच्या तशी सांगणारा. ठिपक्याशेजारी 'पडताळलेला' की 'न पडताळलेला' असं लिहिलं, म्हणजे बोलणारा आप्त आहे का, एवढंच आपण विचारलं. ते रास्तच, चुकीच्या जागी पथक गेलं तर दुसरीकडचा माणूस हातचा जातो. पण बोलणारा आधी आर्त आहे हो! 'पाणी पाठवा' याला खरं काय आणि खोटं काय? कुणी येतं किंवा येत नाही. क्रमांक जाहीर केला त्याच क्षणी एक वचन दिलं गेलं, आणि नकाशा चालवणाऱ्यांच्या हाती ट्रक नव्हते. ट्रकवाल्यांच्या समन्वय-बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर, इंग्रजीत, चालत. क्रेओल बोलणाऱ्याला तिथं शिरणंच कठीण.

कोणी म्हणेल, माहितीच नसेल तर ट्रक जाणार कुठं? मान्य. तरी आमच्या मते क्रम उलटा हवा: कोणत्या वस्तीच्या हाकेला कोण जाणार हे आधी ठरवावं, त्या बैठकीत क्रेओल जाणणारा बसवावा, मगच क्रमांक रेडिओवर सांगावा. तोवर निम्म्याच वस्त्यांची सोय झाली असेल, तर निम्म्याच वस्त्यांना सांगावा. हे निष्ठुर वाटेल, ठाऊक आहे. त्यावर तुमचे प्रश्न आत्ताच घेऊ. अनुमानाकडे पुढच्या वेळी वळू.