‘अर्धसत्य’ : ठाणं घरी येतं तेव्हा



‘अर्धसत्य’ १९८३ साली आला. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. या चित्रपटाबद्दल आपण बहुधा वेलणकर विरुद्ध रामा शेट्टी, एवढंच बोलतो. मला आज त्यातल्या घराबद्दल बोलायचं आहे. पोलिसाची नोकरी आणि त्याचं घर यांचं जे नातं इथं दिसतं, ते ड्युटीच्या तासांच्या चर्चेत निसटून जातं.

अनंत वेलणकरचे वडील पोलिसातून निवृत्त झालेले. मुलानं पोलिसातच जायचं, हे त्यांनीच ठरवलेलं. ते बायकोला मारायचे आणि लहानगा अनंत नुसता बघत राहायचा. म्हणजे अनंतच्या अंगावर वर्दी चढली त्याच्या कितीतरी आधी ठाणं त्याच्या घरात येऊन बसलं होतं. अशा घरात बाप वेळेवर आला काय नि उशिरा आला काय! येताना तो हुकमत सोबत घेऊनच यायचा.

पुढचा क्रम बघा, किती नेमका आहे. अनंत जीव धोक्यात घालून एक खतरनाक दरोडेखोर पकडतो आणि श्रेय जातं दुसऱ्याच अधिकाऱ्याला. वर दाद मागायची सोय नाही. तो अपमान आत मुरतो, दारूत उतरतो आणि शेवटी निघतो कुणावर? एका भुरट्या चोरावर. ट्रान्झिस्टर चोरल्याचा संशय, एवढाच त्याचा गुन्हा. तो कोठडीत मार खाऊन मरतो. वरून आलेला अपमान खाली ढकलायचा, ही इथली रीत. हैदर अलीसारखा मायाळू वरिष्ठसुद्धा काय शिकवतो? ओळखी लावून प्रकरण निभावून न्यायला. अनंतमध्ये मुरत चाललेली ही हिंसा ज्योत्स्नाला दिसते, म्हणून ती दूर होते. मला तिचं दूर होणं चित्रपटातलं सगळ्यात शहाणं कृत्य वाटतं.

पण चित्रपटाचीही एक मर्यादा आहे, ती सांगायला हवी. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलीस शिपायांनीच बंड केलं होतं. पुढच्याच वर्षी आलेल्या या चित्रपटात शिपाई मात्र सलाम ठोकण्यापुरते उरतात. घुसमट दिसते ती अधिकाऱ्याची. आईसुद्धा अनंतच्या आठवणीतली एक जखम म्हणूनच येते. तिची बाजू कुणी ऐकत नाही.

आता आजचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम २८ सांगतं की पोलीस सदैव कर्तव्यावर आहे असं मानलं जाईल. २०१६ साली मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, आणि ती कल्पना एका पोलीस शिपायाची होती! मी त्याचं मनापासून स्वागत करतो. झोप मिळाली पाहिजे, मुलं जागी असताना बाप घरी दिसला पाहिजे. पण ड्युटीचा तक्ता बदलला म्हणजे साहेबासमोर मान खाली घालून उभं राहणं बदलत नाही. मुलीच्या आजारपणासाठी रजा मागताना शिपायाला अपराधी वाटत असेल, तर उरलेले सोळा तास त्याचे आहेत असं कसं म्हणायचं?

‘अर्धसत्य’ पुन्हा बघाल तेव्हा रामा शेट्टीवरून नजर जरा हटवा आणि अनंतच्या वडिलांकडे बघा.