दोन खुंट्या आणि एक बॅटरी

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडलंत का?" सोडलेलं नाही. परदेशातून जुने व्हिडिओ गेमचे कन्सोल मागवायचे, ते उघडायचे, त्यात तारा जोडायच्या, काही कापायचं, काही बदलायचं, हा छंद बाहेरून पोरकट दिसतो. पण त्यात एक जुना प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याने घडवलेल्या वस्तूत आपण किती हात घालावा, आणि कोणत्या अधिकाराने?

माझा या विषयाशी संबंध कसा आला, ते थोडक्यात सांगतो. नव्वदच्या दशकात आमच्या घरी टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम होता. तुमच्यापैकी अनेकांकडे असेल. मारिओ, कॉन्ट्रा, कॅसेट चालेना झाली की बाहेर काढून फुंकर मारायची. परीक्षा आली की तो कपाटात कुलूपबंद करणारा बाप म्हणजे मी. (हशा) त्या यंत्रांवर नावं वेगवेगळी असत, पण आत बहुतेकदा जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या 'फॅमिली कॉम्प्युटर'ची, म्हणजे फॅमिकॉमची नक्कल असे. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आला, किंमत १४,८०० येन. त्याची कॅसेट ६० पिनांची, आणि आपल्याकडच्या त्या नकलांची कॅसेटही ६० पिनांचीच. म्हणून आज चाळिशी ओलांडलेला कुणी जपानहून अस्सल फॅमिकॉम मागवतो आणि माळ्यावरची जुनी कॅसेट त्यात घालतो, तेव्हा ती बहुधा बसते आणि चालतेही. माझ्या मुलाने हेच केलं. डागकाम त्याचं, टॉर्च धरायचं काम माझं.

आता अडचण अशी, की आयात केलेलं यंत्र जसंच्या तसं वापरता येत नाही. काहीतरी बदलावं लागतंच. इथे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, यंत्राला हात लावू नका, अस्सलपणा गेला की सगळं गेलं. दुसरा म्हणतो, आज चांगलं तंत्र उपलब्ध आहे, चित्र स्वच्छ करा, नवी बटणं घाला, जुन्याचे लाड कशाला? मला दोन्ही पक्ष चुकीचे वाटतात, आणि कारण एकच आहे. यंत्राच्या साऱ्या मर्यादा एकाच जातीच्या आहेत असं दोघंही धरून चालतात. मी त्यांच्या तीन जाती करतो: गावाची मर्यादा, कुंपणाची मर्यादा आणि घडणीची मर्यादा.

गावाची मर्यादा आधी घेऊ. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०. फॅमिकॉमला १० व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो, आणि त्याच्या पिनेत मधला भाग ऋण असतो, बाहेरचा धन. आजच्या पुष्कळ अडॅप्टरांत हे बरोबर उलटं असतं. पिन बसली म्हणून अडॅप्टर लावला, असं करून चालत नाही. पुढे, फॅमिकॉमचं चित्र अँटेनाच्या वाटेने टीव्हीत जातं, तेही जपानच्या १ किंवा २ क्रमांकाच्या चॅनेलवर. आणि त्याची रंगपद्धत एनटीएससी, आपली पाल. म्हणून हौशी मंडळी आत एक छोटं ट्रान्झिस्टरचं सर्किट बसवून चित्र थेट पिवळ्या पिनेतून बाहेर काढतात. याला एव्ही मॉड म्हणतात. या बदलाबद्दल फार तात्त्विक वाद घालण्यात अर्थ नाही. मासा दुसऱ्या तळ्यात आणला तर पाणी जुळवावं लागतं.

आता कुंपण. सुपर फॅमिकॉम जपानमध्ये नोव्हेंबर १९९० मध्ये आला. अमेरिकेत तेच यंत्र १९९१ मध्ये सुपर एनईएस या नावाने, वेगळ्या खोक्यात आलं. दोन्हीकडे टीव्हीची पद्धत एकच आणि आतली कुलपाची चिपही एकमेकींशी जुळणारी. मग जपानी कॅसेट अमेरिकन यंत्रात का जात नाही? कारण कॅसेटच्या खाचेत आतल्या बाजूला प्लास्टिकच्या दोन खुंट्या आहेत. अमेरिकन कॅसेटच्या पाठीला त्या खुंट्यांसाठी खोबण्या आहेत, जपानी कॅसेटला नाहीत. बस्स, एवढंच! पकडीने त्या दोन खुंट्या काढल्या की जपानी कॅसेट बसते आणि खेळ सुरू होतो.

मी विचारतो, त्या दोन खुंट्या सुपर मारिओ वर्ल्ड या कलाकृतीचा भाग आहेत का? ज्याने ते खेळ रचले, त्याच्या कल्पनेत त्या होत्या का? नाही. त्या विक्रीच्या नकाशावर मारलेल्या रेघा आहेत. शेताचं कुंपण म्हणजे पीक नव्हे. शुद्धतावादी जेव्हा त्या खुंट्यांनाही अस्सलपणात धरतो, तेव्हा तो कलाकृतीचं नव्हे, विक्री खात्याचं रक्षण करत असतो.

पण इथे माझ्याच वर्गवारीची एक अडचण मी लपवणार नाही. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कवर, आतल्या भागात, प्रदेशाची एक खूण असते. ती साध्या कॉपी करण्याच्या यंत्राने उतरत नाही. मॉडचिप नावाची लहानशी चिप ती खूण आपल्याकडून पुरवते. त्यामुळे जपानहून पैसे मोजून आणलेली डिस्क चालते, आणि चोरून उतरवलेली डिस्कही चालते. कुंपण आणि तिजोरी यांना इथे एकच कुलूप आहे. 'मी फक्त आयात केलेल्या डिस्कसाठी चिप बसवली' हे वाक्य खरं असू शकतं, पण ते चिपवरून कळत नाही, माणसावरून कळतं. म्हणजे कुंपण ओलांडण्याचा अधिकार मी मान्य करतो, पण तो यंत्रात कोरलेला नाही. तो आपल्या वागण्याने दर वेळी सिद्ध करावा लागतो.

तिसरी जात घडणीची, आणि खरा वाद इथेच आहे. फॅमिकॉमला दोन कंट्रोलर असतात, तारेने कायमचे जोडलेले. दुसऱ्या कंट्रोलरवर एक छोटा मायक्रोफोन आहे. १९८६ मध्ये आलेल्या झेल्डाच्या खेळात लांब कानांचा एक राक्षस आहे, त्याला आवाज सोसत नाही. जपानी मूल त्या मायक्रोफोनमध्ये ओरडायचं आणि राक्षस मरायचा. अमेरिकन यंत्राच्या कंट्रोलरला मायक्रोफोनच नाही. माहितीपुस्तिकेत मात्र 'याला मोठा आवाज आवडत नाही' ही सूचना तशीच राहिली. तिकडची मुलं खेळातली बासरी वाजवून थकली असतील. (हशा) गंमत पुढे आहे. १९९३ मध्ये निन्टेंडोनेच फॅमिकॉमची नवी आवृत्ती काढली. चित्र स्वच्छ, एव्हीची सोय आतच, कंट्रोलर काढता येणारे. आणि मायक्रोफोन गायब! म्हणजे मूळ कंपनीने केलेली सुधारणासुद्धा घडणीचा एक तुकडा हरवू शकते. अस्सल म्हणजे कंपनीने केलेलं, ही व्याख्या इथेच मोडते.

उलट बाजू पाहा. फॅमिकॉममध्ये यंत्राचा आवाज कॅसेटमधून फिरून मग बाहेर पडतो. त्यामुळे कॅसेटमध्ये जादा आवाजाची चिप घालता येते. कोनामी कंपनीने १९८९ च्या 'अकुमाजो देन्सेत्सु' या खेळात अशी चिप घातली आणि संगीताला आणखी तीन स्वरवाहिन्या मिळाल्या. अमेरिकन यंत्रात ही वाट कॅसेटच्या खाचेतून काढून तळाच्या एका जोडणीत नेली होती, आणि ती जोडणी कधी वापरलीच गेली नाही. तिकडे तोच खेळ 'कॅसलव्हेनिया ३' म्हणून त्या वाहिन्यांविना गेला. आज अमेरिकन यंत्र असलेला हौशी माणूस तळाच्या त्या जोडणीत एक रेझिस्टर डागतो आणि अडॅप्टर लावून जपानी कॅसेट पूर्ण संगीतासह ऐकतो. आता सांगा, हात न लावलेलं यंत्र मूळ कृतीच्या जवळ आहे, की रेझिस्टर डागलेलं? माझ्या मते डागलेलं. शुद्धतावाद्याला याचं उत्तर देता येत नाही.

पण म्हणून सुधारणावाद्याचा विजय होत नाही. १९८४ चा डक हंट घ्या. त्यातली बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीच्या प्रकाशावर आणि त्याच्या वेळेवर चालते. आजच्या सपाट पडद्यावर ती आंधळी होते. १९८९ च्या गेम बॉयचा हिरवट पडदा मंद होता, चित्र हललं की मागे सावली रेंगाळायची. काही रचनाकारांनी त्याचाच उपयोग केला. एखादी आकृती भराभर दाखवायची-लपवायची, म्हणजे पडद्याच्या मंदपणामुळे ती अर्धपारदर्शक दिसे. नवा झगझगीत पडदा बसवला की ती युक्ती नुसती फडफड होऊन उरते. आपण दोष म्हणून जे पुसलं, ते कुणाचं तरी साधन होतं. पिवळ्या पडलेल्या खोक्याला हायड्रोजन पेरॉक्साइड चोपडून उन्हात ठेवणारे लोक आहेत. खोकं पांढरं होतं, कधी डाग पडतात, कधी पुन्हा पिवळं होतं. खेळाला त्याने काही मिळत नाही. मिळतं ते आपल्या कपाटाला.

मग कसोटी कोणती? तत्त्वज्ञानाच्या वर्गात इथे मिलिंद राजा आणि नागसेनाचा रथ येतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? मी तो वर्षानुवर्षं शिकवला. पण सगळे भाग बदलल्यावर यंत्र तेच राहतं का, हा प्रश्न टॉर्च धरलेल्या माणसाच्या फार कामाचा नाही, असं आता वाटतं. मला आपल्या भाषेतला एक शब्द अधिक उपयोगी पडला. तो म्हणजे टीका. आज आपण टीका म्हणजे दोष काढणं समजतो. पण ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे. टीका म्हणजे मूळ ग्रंथ वाचकापर्यंत नेणं. काळ बदलला, भाषा बदलली, ऐकणारा बदलला, म्हणून टीका लागते. कन्सोलमध्ये केलेला चांगला बदल ही या अर्थाने टीका आहे. एव्ही मॉड ही टीका आहे, तो रेझिस्टर ही टीका आहे.

मात्र पोथीत टीकेच्या शेजारी मूळ श्लोक असतो. श्लोक खरवडून त्याच जागी कुणी आपला अर्थ लिहिला, तर तो अर्थ कितीही सुंदर असो, त्याला टीका म्हणता येणार नाही. म्हणून माझी कसोटी दोन प्रश्नांची. या बदलाने खेळातलं काही परत मिळतं का? आणि उद्या दुसऱ्याला मूळ पाहायचं असेल तर ते शिल्लक आहे का?

सेगाच्या मेगा ड्राइव्हचं उदाहरण यावर नेमकं बसतं. युरोपातलं यंत्र ५० हर्ट्झवर चालायचं, जपानी आणि अमेरिकन ६० वर. त्यामुळे १९९१ चा सॉनिक तिकडे सुमारे एक षष्ठांश मंद धावायचा, संगीतही मंद. पण युरोपातल्या मुलांच्या कानात तेच संगीत बसलं आहे. त्यांना खोटं कसं म्हणणार? तार कायमची कापणारा एक बाजू घेतो. दोन वेगांमध्ये जाणारा स्विच बसवणारा दोन्ही पाठ जपतो. खर्चात फार फरक नाही, वृत्तीत आहे.

खरेदीतही ही वृत्ती दिसते. जपानच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत 'जंक' अशी चिठ्ठी लावलेले ढीग असतात. चालेल की नाही, काही हमी नाही. मला ती चिठ्ठी फार प्रामाणिक वाटते. याउलट नवं खोकं, नवा पडदा, नवी बटणं घालून 'अगदी नव्यासारखा' म्हणून विकलेला कन्सोल आत काय केलं हे सांगत नाही. गेम गियरसारख्या यंत्रांतले कपॅसिटर गळतात, ते बदलावेच लागतात. बदलले असतील तर तसं लिहा, एवढंच माझं म्हणणं.

शेवटी आमची एक चूक सांगतो. जपानहून मागवलेल्या गठ्ठ्यात 'ड्रॅगन क्वेस्ट ३' ची कॅसेट आली. १९८८ चा खेळ. पाठीमागे कुणा मुलाने मार्करने आपलं नाव लिहिलेलं. या खेळात प्रगती साठवायला कॅसेटमध्ये एक चपटी बॅटरी असते, आणि जिथे प्रगती साठते त्याला जपानीत 'साहसाची वही' म्हणतात. तीन वह्या असतात. त्यात चार अक्षरांत नायकाचं नाव लिहायचं. ती बॅटरी असेपर्यंतच वही राहते. बॅटरी जुनी झाली असणार म्हणून आम्ही कॅसेट उघडली, जुनी बॅटरी काढली, नवी बसवली. काम स्वच्छ झालं. मग मी मुलाला विचारलं, "आधी चालू करून पाहिली होतीस का रे?" तो थांबला. मीही थांबलो. नव्हती पाहिली.

कदाचित बॅटरी आधीच संपलेली असेल आणि आत काहीच नसेल. पण अशा कॅसेटमधल्या कित्येक बॅटऱ्या अनेक दशकं टिकलेल्या आहेत. वही आधी उतरवून ठेवता आली असती, त्याची साधनं मिळतात. बदल गरजेचाच होता, त्याबद्दल खंत नाही. खंत याची, की आत कुणाचं तरी काही लिहिलेलं असू शकतं, हा विचार आम्ही कॅसेट उघडल्यावर केला, उघडण्यापूर्वी नाही. नव्वदच्या दशकात मुलाचा गेम कपाटात ठेवतानाही माझं हेच झालं होतं.

आता आमच्या घरी एक वही आहे, कागदाची. कोणत्या यंत्रात काय काढलं, काय घातलं, कोणत्या तारखेला, हे तिच्यात लिहिलेलं असतं, आणि काढलेला भाग पाकिटात घालून तिलाच टाचलेला असतो. एका पाकिटात प्लास्टिकच्या दोन खुंट्या आहेत. दुसऱ्यात एक संपलेली बॅटरी.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.