स्टोनरला नोकरी कशी लागली?

जॉन विल्यम्सची ‘स्टोनर’ ही कादंबरी १९६५ साली आली, फारशी न खपता विस्मरणात गेली, आणि २००६च्या पुनर्मुद्रणानंतर, विशेषतः २०११च्या फ्रेंच अनुवादानंतर, युरोपभर गाजली. तेव्हापासून तिच्याबद्दल बहुधा एकाच सुरात बोललं जातं: साहित्यावर जीव जडलेल्या एका अपयशी प्राध्यापकाची करुण कहाणी. पीएच.डी. झाल्यावर मी ती पुन्हा वाचली आणि मला हा ‘अपयशी’ शब्दच खटकू लागला.

विल्यम स्टोनर १९१० साली मिसूरी विद्यापीठात दाखल होतो. आठ वर्षांनी, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, त्याला डॉक्टरेट मिळते. तो त्याच विद्यापीठात इन्स्ट्रक्टर होतो आणि १९५६ साली मरेपर्यंत तिथंच राहतो. असिस्टंट प्रोफेसरच्या वर मात्र तो कधीच जात नाही. विल्यम्स हे सगळं पहिल्याच परिच्छेदात सांगून मोकळा होतो. समीक्षक त्यातल्या न मिळालेल्या बढतीपाशी थांबतात. तासिका तत्त्वावर शिकवणारा, दर जूनमध्ये त्याच वर्गासाठी नव्यानं मुलाखत देणारा माझ्यासारखा वाचक अडतो तो ‘त्याच विद्यापीठात’ आणि ‘मरेपर्यंत’ या शब्दांपाशी. हे जमलं कसं?

कादंबरीत याचं उत्तर आहे, पण ते चालता चालता दिलेलं आहे. स्टोनर आसपासच्या काही कॉलेजांना नाखुशीनंच अर्ज पाठवतो. एकाचंही उत्तर येत नाही, आणि त्याला उलट बरंच वाटतं. (हे वाक्य वाचून हसू येतं. उत्तर न आल्याचं बरं वाटणं ही चैनच म्हणायची.) पदवी मिळायच्या आठवडाभर आधी त्याचे गुरू आर्चर स्लोन त्याला जागा देऊ करतात. आपल्याच विद्यार्थ्यांना नोकरीवर घ्यायचं नाही असं विद्यापीठाचं धोरण आहे, पण युद्धामुळे शिकवायला माणसं उरलेली नाहीत, म्हणून अपवाद केला, असं ते सांगतात. एवढ्यावर तो विषय संपतो.

पण याच्या थोडं आधी स्टोनरचा मित्र डेव्ह मास्टर्स फ्रान्समध्ये मारला गेलेला असतो. बाहेरच्या जगात ज्यांचा निभाव लागणार नाही अशांसाठी विद्यापीठ हा आसरा आहे, हा सिद्धांत बियर पिता पिता मांडणारा तोच. तो आसरा सोडून तो स्वतः युद्धावर गेला. मास्टर्सचं मरण आणि स्टोनरची नेमणूक कादंबरीत काही पानांच्या अंतरानं येतात. विल्यम्स त्यांना एका वाक्यात आणत नाही, स्टोनरलाही ते सुचत नाही. मला मात्र ती एकच घटना वाटते. जागा रिकामी झाली, कारण मुलं खंदकांत होती.

खुद्द विल्यम्सचंही फार वेगळं नाही. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या हवाई दलातून आपल्याकडे, भारत-ब्रह्मदेश आघाडीवर होता. परतल्यावर डेन्व्हर विद्यापीठात शिकला, १९५४ साली मिसूरीतून डॉक्टरेट घेतली आणि लगेच, १९५५ साली, डेन्व्हरलाच शिकवायला गेला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चानं शिकता येत होतं, अमेरिकेतली विद्यापीठं फुगत होती, तो हा काळ. डॉक्टरेट ते खुर्ची हा सरळ रस्ता त्याला जगाची रीत वाटला असेल, तर नवल नाही.

म्हणूनच स्टोनरच्या दुःखाखाली एक पक्की जमीन आहे. विभागप्रमुख होलिस लोमॅक्स त्याचा सूड घेतो, तो वेळापत्रकातून: पहिल्या वर्षाचे निबंधलेखनाचे वर्ग, तेही आठवडाभर विखुरलेल्या तासांना. छळ खराच. पण लोमॅक्स त्याला काढू शकत नाही, कारण स्टोनरची नोकरी कायम आहे. हे नसतं, तर ही कादंबरी दीडशे पानांतच आटपली असती. ज्या तोंडी परीक्षेवरून हे वैर पेटतं, तीही मी आता दुसऱ्या खुर्चीतून वाचतो. चार्ल्स वॉकर हा बोलबच्चन विद्यार्थी नापासच व्हायला हवा, याबद्दल मला शंका नाही. मात्र वॉकर आणि लोमॅक्स या दोघांनाही शारीरिक व्यंग देऊन विल्यम्सनं स्वतःचं पारडं उगाच जड केलं आहे. खोटेपणा दाखवायला त्याची गरज नव्हती.

कायम नोकरीची खरी किंमत कळते ती कॅथरीन ड्रिस्कॉलच्या प्रकरणात. ती त्याच विभागात तात्पुरती शिकवते, प्रबंध लिहिते. दोघांचं प्रेम जमतं. कादंबरीतली ही सगळ्यात सुंदर पानं. पलंगावर पुस्तकं पसरून चाललेला अभ्यास आणि प्रेम यांत तिथं फरकच उरत नाही. मग लोमॅक्सला सुगावा लागतो. स्टोनरला हात लावता येत नाही, म्हणून तो तिच्यावर नेम धरतो. नातं दोघांचं, पण गाव सोडते ती. तो मागे राहतो, आजारी पडतो, आणि पुन्हा वर्गात जातो. समीक्षक या त्यागाबद्दल बोलतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा स्टोनर असतो. गमावायला ज्याची नोकरी पक्की होती, त्यानं ती गमावली नाही. जिची पक्की नव्हती, ती गेली. विल्यम्सला हे दिसलं असावं, कारण प्रसंग त्यानं अचूक रचला आहे. पण कॅमेरा हलत नाही, तो स्टोनरच्या खिडकीशीच राहतो.

बऱ्याच वर्षांनी कॅथरीनचं पुस्तक येतं, तिच्याच प्रबंधावर आधारलेलं. अर्पणपत्रिकेत स्टोनरच्या नावाची आद्याक्षरं आहेत. स्टोनर ते वाचतो, आणि आपल्याला ते अपेक्षेइतकंच चांगलं वाटलं याचा त्याला आनंद होतो. त्याचं स्वतःचं दुसरं पुस्तक कधीच झालेलं नाही. ती मॅसॅच्युसेट्समधल्या एका चांगल्या कॉलेजात शिकवते आणि अविवाहित आहे, एवढंच आपल्याला कळतं. मिसूरी सोडल्यापासून तिथं पोचेपर्यंत तिनं किती अर्ज केले, शिफारसपत्र कुणाकडून आणलं, मधली वर्षं कुठं काढली, याबद्दल कादंबरीत एक ओळ नाही. मला तीच कादंबरी वाचायची आहे.