‘चांगला’ हे विशेषण कुणाचे?

‘चांगला शोमरोनी’ ही बायबलमधील बोधकथा ख्रिस्ती शाळांत शिकलेल्या अनेकांना ठाऊक असते. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकतात. याजक त्याला पाहून पुढे जातो, लेवीही जातो. शोमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उताराशाळेत नेतो आणि खर्चही देतो. तात्पर्य : संकटात मदत करावी. एवढेच असते, तर येशूने, म्हणजे आपल्या हजरत ईसांनी, नेमका शोमरोनीच का निवडला?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. यहुदी आणि शोमरोनी दोघेही मूसांचे नियमशास्त्र मानणारे. पण यहुद्यांचे पवित्र स्थान यरुशलेम, तर शोमरोनींचे गेरिझीम डोंगर. तिथले शोमरोनींचे मंदिर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने उद्ध्वस्त केले. पुढे इ. स. ६ ते ९ च्या दरम्यान, वल्हांडण सणात काही शोमरोनींनी यरुशलेमच्या मंदिरात मानवी हाडे टाकली, असे इतिहासकार जोसीफस सांगतो. अपमान दोन्हीकडे ताजे होते. लूकच्या शुभवर्तमानात या कथेच्या आदल्याच अध्यायात एक शोमरोनी गाव येशूला थारा नाकारते. त्या गावावर आकाशातून अग्नी पाडावा, असे दोन शिष्य सुचवतात आणि येशू त्यांना दटावतो. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचले की कथेची धार कळते.

याजक, लेवी यांच्यानंतर तिसरा साधा इस्राएली येणार, ही श्रोत्यांची अपेक्षा असणार. येतो तो वैरी. शेवटी येशू विचारतो, यांपैकी शेजारी कोण ठरला? प्रश्न विचारणारा शास्त्री ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारतच नाही. दया करणारा, एवढेच म्हणतो.

मात्र पार्श्वभूमीचाही गैरवापर होतो. प्रेताच्या विटाळाच्या भीतीने याजक थांबला नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते आणि त्यातून यहुदी धर्मच निर्दय ठरवला जातो. वस्तुतः कथेतला माणूस जिवंत आहे. शिवाय बेवारस प्रेताला मूठमाती देणे प्रमुख याजकाचेही कर्तव्य आहे, असे मिश्ना हा यहुदी ग्रंथ सांगतो. म्हणजे याजक धर्म पाळून नव्हे, धर्म चुकवून पुढे गेला. गेझा वेर्मेश यांनी १९७३ च्या ‘जीझस द ज्यू’ या ग्रंथात येशूला त्याच्या यहुदी जगातच उभे केले, त्याचे मोल इथे कळते. येशू आपल्याच लोकांशी, त्यांच्याच शास्त्राच्या भाषेत बोलत होता. त्याला उंच दाखवण्यासाठी त्याच्या समाजाला खुजे करण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट. लूकच्या मजकुरात ‘चांगला’ हा शब्दच नाही. तो नंतरच्यांनी शीर्षकात जोडला. वरवर तो गौरव वाटतो. पण ‘चांगला शोमरोनी’ म्हणताना बाकीचे तसे नसतात, हे आपण गृहीत धरतो. ‘त्यांच्यातला असूनही सज्जन’ ही दाद ज्यांच्या वाट्याला येते, त्यांना तिच्यातला काटा नेमका ठाऊक असतो. येशूने तो काटा ज्याच्या मनात होता त्याच्यापुढेच काढून ठेवला. आपण मात्र तो पुन्हा शीर्षकात रोवला. शोमरोनी आजही गेरिझीमवर आणि तेल अवीवजवळच्या होलोन येथे राहतात, संख्येने मूठभर. पुढच्या वेळी ही कथा सांगताना ते विशेषण गाळून पाहावे.